तहान नसताना

किर्रर्र... कूं. किर्रर्र... कूं.

हसू नका. बोलायला उभा राहिलो आणि कानात पहिल्यांदा हाच आवाज आला. आडावरच्या लोखंडी कप्पीचा. इथल्या म्हाताऱ्या माणसांनी तो ओळखला असेल. पोरं तो विसरली असतील. त्यांच्या कानाला आता नळाची सवय झाली.

बंधूंनो, बहिणींनो, समोर बसलेल्या आमच्या लिंबाजीच्या राहीवहिनी, तुम्हा सगळ्यांना माझा जयभीम. आणि वरच्या आळीतून कुणी आलं असेल तर त्यांना रामराम.

बरं. वरच्या आळीतला इथं मी एकटाच दिसतोय. तर तो रामराम माझा मलाच.

मला सभेत बोलायची सवय नाही असं कुणी म्हणणार नाही. दूध संस्थेचा सचिव म्हणून वर्षानुवर्षं बोललो. शाळेच्या गॅदरिंगला स्वतःच्या कविता म्हटल्या, आणि तुम्ही त्या सोसल्या. पण आज जमत नाही. कारण मी लांबण लावली की मागून एक आवाज यायचा, "अण्णा, आवरा आता, म्हशी धारंला आल्यात." तो आवाज आज येणार नाही. मग मी थांबायचं कुठं? मला कोण थांबवणार?

आज सकाळी या विहारात लिंबाजीचं जलदान झालं, त्याला शेवटचा निरोप दिला. आणि उद्या सतरा सप्टेंबर. उद्या शाळेपुढं झेंडा चढेल. लिंबाजीशिवाय चढणारा पहिला झेंडा. म्हणून मला आज झेंड्याबद्दलच बोलायचंय. झेंड्याबद्दल आणि पाण्याबद्दल. लिंबाजीच्या आयुष्यात या दोन गोष्टी एकाच दोराला बांधलेल्या होत्या.

आम्ही दोघं एका वयाचे. एका शाळेचे. मी आत बसायचो, तो ओसरीवर, खिडकीच्या खाली. मास्तर कविता चालीवर म्हणायला लावायचे. आम्ही आतले पंचवीस-तीस जण पुटपुटायचो, आणि खिडकीखालून त्याचा एकट्याचा आवाज यायचा, खणखणीत. मास्तर म्हणायचे, "बाहेरचा वर्ग बरा आहे तुमच्यापेक्षा." मला कवितेचं वेड लागलं ते पुस्तकानं लागलं नाही. त्या खिडकीनं लागलं. आजही कुठली जुनी कविता आठवली तर ती मला माझ्या आवाजात आठवत नाही. त्याच्या आवाजात आठवते, थोडी लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखी.

पुढं स्वातंत्र्य आलं. म्हणजे देशाला आलं. आपण निजामाच्या राज्यात. आपल्याकडं ते तेरा महिने उशिरा पोचलं. पोरांनो, म्हणून आपल्याला दोन सण. पंधरा ऑगस्ट सगळ्या देशाचा, आणि सतरा सप्टेंबर आपल्या मराठवाड्याचा. लिंबाजीचा जीव या दुसऱ्यात जास्त. मी एकदा विचारलं, "का रे?" तर म्हणाला, "पंधरा ऑगस्ट म्हंजे येळंवर आलेल्यांचा सण. सतरा तारीख उशिरा आलेल्यांची. आपुन उशिराचे."

आता झेंड्याचं ऐका. गावात पहिल्यांदा झेंडा लावायचं ठरलं. बाभळीचा उंच खांब आणला, सोलला, रोवला. दोर आणला. आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, दोर ओढायचा कशावरून? खांबाला चाक नाही. गावात चांगली लोखंडी कप्पी एकच, वरच्या आळीच्या आडावरची. तीच काढली. आणि तो गुळगुळीत खांब चढायला कुणी धजेना, तेव्हा लिंबाजीनं धोतराचा काचा मारला, कप्पी दातात दोरीनं धरली आणि माकडासारखा वर गेला. झेंडा चढला. किर्रर्र कूं.

तेव्हापासून तीच रीत पडली. पुढं दुसरी कप्पी घ्यायला काही अडचण नव्हती. पण घेतली नाही. झेंड्याची कप्पी म्हणजे आडाचीच कप्पी, असं गावानं मनात धरलं. झेंडा दिवसभर वर, म्हणून कप्पीही दिवसभर वर. आडावर त्या दिवशी चाक नाही. बायकांनी पाणी नुसत्या हातानं ओढायचं. तळहाताची सालटी निघायची. त्या दिवशी आडावर स्वातंत्र्याला जेवढ्या शिव्या बसायच्या, तेवढ्या निजामालाही बसल्या नसतील.

आणि दिवस मावळताना झेंडा उतरला की लिंबाजी पुन्हा वर चढायचा, कप्पी सोडवायचा, खाली आणायचा. आणायचा आणि जमिनीवर ठेवायचा. ठेवायचा आणि मागं सरायचा. मग तिच्यावर गोमूत्र शिंपडलं जायचं. मग वरच्या आळीतला कुणीतरी ती उचलून आडावर बसवायचा.

ध्यानात आलं का? खांबावर त्याचा हात चालत होता. आडावर चालत नव्हता. सकाळी त्याच कप्पीवरून चढलेल्या झेंड्याला आम्ही सगळे ताठ उभे राहून सलामी द्यायचो, आणि संध्याकाळी तिच्यावर गोमूत्र. मी कविता लिहिणारा माणूस. स्वातंत्र्यावर मी किती लिहिलं! पण हे मला दिसायचं आणि मी ते कवितेत घालायचो नाही. बसत नव्हतं चालीत.

मग तो दुष्काळ आला. बहात्तरचा.

तुमच्यातल्या निम्म्यांनी त्या साली पाझर तलावावर खडी फोडली आहे, तुम्हाला मी काय सांगू? भाद्रपद लागला तरी आभाळ कोरडं. वरच्या आळीचा आड आटला. घागर सोडली की खाली दगडावर वाजायची. पाणी उरलं होतं ते फक्त इथं, या खालच्या आळीच्या आडाला. ओढ्याच्या कडेचा आड, अर्धवट बुजलेला, कधी कुणी न विचारलेला. वरची माणसं पहाटे दोन-दोन कोस जात होती. पण दोन आळ्यांमधली ही चिंच ओलांडून खाली कुणी उतरत नव्हतं.

त्या साली सतरा सप्टेंबरला झेंडा चढला. बायका रिकाम्या घागरी घेऊन मागं उभ्या होत्या, कारण झेंडा झाला की तिथूनच पाण्याला जायचं होतं. संध्याकाळी झेंडा उतरला. लिंबाजी कप्पी घेऊन खाली आला. आणि त्यानं ती जमिनीवर ठेवली नाही.

समोर व्यंकटतात्या उभे होते. वरच्या आळीचे कारभारी, पुढं आपल्या दूध संस्थेचे चेअरमन झाले ते. आज तेही नाहीत. माणूस वाईट नव्हता, मी त्यांच्या हाताखाली काम केलंय. तात्या म्हणाले, "ठेव खाली."

लिंबाजी म्हणाला, "ठिवतो की. पर तात्या, बसवायची कुटं?"

"कुठं म्हणजे? आडावर."

"कंच्या आडावर? वरच्यात पानी न्हाय. कोरड्या आडावर कप्पी बसवून काय, तिला वारा घालायचाय व्हय?"

लोक हसले. तात्याही हसले असते, पण तात्यांना चारचौघांत हसायची सवय नव्हती. लिंबाजी म्हणाला, "पानी जितं हाय, कप्पी तितं." आणि चालू लागला. कप्पी हातात. दोर खांद्यावर. मागं आम्ही सगळे. चिंचेपर्यंत.

चिंचेपाशी सगळे थांबले. जणू कुणी रेघ ओढली होती. लिंबाजी एकटा पुढं गेला, त्यानं कप्पी आडावर बसवली, दोर ओवला आणि तिथूनच हाक दिली, "या की! का मुहूर्त काढायचाय?"

कुणी हललं नाही. मीही नाही. मी बघत होतो. मला बघायची फार सवय आहे.

आणि मग घोळक्यातून एक बाई निघाली. कमरेवर कळशी. डोईवरचा पदर सावरला आणि चिंच ओलांडून सरळ खाली. सोनाकाकू. तात्यांची बायको.

राहीवहिनी, पुढचं तुम्ही सांगायला हवं, पण तुम्ही आज बोलणार नाही. तर मीच सांगतो. आडाच्या काठावर राहीवहिनी उभ्या होत्या. सोनाकाकूंनी कळशी पुढं केली. म्हणजे वरून कुणीतरी ओतावं अशी. वहिनींनी ओतलं नाही. दोर त्यांच्या हातात दिला.

"काकू, हितं कुनी कुनाला वाढायचं न्हाय. आपलं आपुन वढायचं."

सोनाकाकू म्हणाल्या, "अगं, मी जल्मात पाणी वढलं न्हाय. घरी गडी हाय."

"मग शिका. आमाला बी कुनी शाळंत घातलं नव्हतं."

आणि काकूंनी ओढलं. वेडंवाकडं, कळशी आडाच्या कडेला आपटत, निम्मं पाणी परत आडात. किर्रर्र कूं. किर्रर्र कूं. ती कळशी वर आली, आणि मग चिंचेखालच्या सगळ्या घागरी खाली उतरल्या.

मित्रहो, तो सगळा दुष्काळ गाव एका आडावर जगलं. एक दोर, एक कप्पी. सकाळी रांग लागायची, भांडणं व्हायची. पण भांडणं नंबरावरून व्हायची. जातीवरून नाही. मला तर वाटलं, झालं! आता आलं! मी त्या उन्हाळ्यात दोन ओळी केल्या आणि लिंबाजीला इथंच, या आडाच्या काठावर म्हणून दाखवल्या.

चाक फिरो, दोर उतरो, पाणी वर येवो,
ज्याच्या ओठी तहान, त्याच्या ओंजळीत जावो.

त्यानं ऐकलं. म्हणाला, "चाल ग्वाड हाय. पर अण्णा, तुज्या कवितंत समदं आपोआप हुतंय. फिरो, येवो, जावो. वढायचं कुनी?"

एकटे असलो की तो मला अरे-तुरे करायचा. चारचौघांत 'तुमी'. हेही मी कधी कवितेत घातलं नाही.

मी चिडलो. म्हटलं, "अरे, तुझ्यामुळं गाव बदललं आणि तूच असं बोलतोस?" तर तो आडात बघत म्हणाला, आणि हे वाक्य तुम्ही ध्यानात ठेवा, "ही तहान हाय, अण्णा. तहानंला जात नसती. पाऊस पडू दे. मग तहान नसताना कुनी हितं पान्याला आलं, तर म्या मानीन."

पाऊस पडला. पुढच्या साली चांगला पडला. वरचा आड भरला. पंधरा ऑगस्ट आला, झेंडा चढला, उतरला. लिंबाजीनं कप्पी खाली आणली. तात्यांनी हात पुढं केला. लिंबाजीनं त्यांच्याकडं बघितलं, वरच्या आडाकडं बघितलं. त्याचाच शब्द होता ना, पाणी जिथं तिथं कप्पी. त्यानं दिली.

कुणी भांडलं नाही. कुणी कुणाला बंदी केली नाही. कुणी एक वाक्य वावगं बोललं नाही. नुसतं येणं थांबलं. एकेक घागर कमी झाली, आणि कप्पीवरचं गोमूत्र परत आलं. आठवड्याभरात खालच्या आडावर पुन्हा फक्त खालची आळी. सोनाकाकूही आल्या नाहीत. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. भांडणाला उत्तर देता येतं. न येणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं?

आणि त्या वर्षीच्या सतरा सप्टेंबरपासून लिंबाजीनं एक गोष्ट सुरू केली. तुमच्यातल्या पुष्कळांना ती ठाऊक आहे, तुम्ही त्याला हसायचातही. झेंडा उतरवून तो घरी यायचा, हातपाय धुवायचा, आडातून एक घागर ओढायचा, तांब्या भरायचा, त्यावर पेला पालथा घालायचा, आणि आडाच्या काठावर जाऊन बसायचा. चिंचेकडं तोंड करून. दिवे लागेपर्यंत.

मी जायचो त्याच्याजवळ. दरवर्षी. पहिल्या वर्षी म्हटलं, "आण, मी पितो." त्यानं पेला दिला, मी प्यालो. तो म्हणाला, "तुज्यानं मोजनी हुत न्हाय. तू माजा दोस्त हाईस." मग पुन्हा तांब्या भरून घेतला, पुन्हा पेला पालथा घातला. आम्ही दोघं बसायचो. चिंचेच्या पलीकडून वरच्या आळीच्या कप्पीचा आवाज यायचा. इथली माणसं कामावरून परत यायची, बघायची, जायची. मला तेव्हा कळलं, एकटेपणा माणसं नसल्यानं येत नाही. तांब्या भरलेला असतो, आणि तरी कुणी येत नाही. त्यानं येतो.

मध्ये दूध संस्था झाली. लिंबाजीच्या दोन म्हशी होत्या, संस्थेत पहिलं दूध त्याचं. एका सभेत तो उभा राहिला. मी सचिव, शेजारी चेअरमन तात्या. म्हणाला, "चेअरमनसाहेब, एक इचारायचंय. माज्या म्हशीचं दूध आन् तुमच्या म्हशीचं दूध एकाच क्यानात पडतंय. व्हय का न्हाय?"

तात्या म्हणाले, "व्हय."

"कळंबला जातंय. कळंबच्या हाटेलात त्याचा चहा हुतोय. तुमी बाजाराला गेलात की त्यो पिताय. व्हय का न्हाय?"

"व्हय बाबा. पुढं?"

"पुढं काय न्हाय. म्हस बाटत न्हाय, क्यान बाटत न्हाय, चहा बाटत न्हाय. आडालाच काय झालंय, त्येवडं सांगा."

सभा हसली. तात्या या वेळी हसले, मोठ्यानं हसले. म्हणाले, "लिंबाजी, तुला वकील करायला पायजे हुता." टाळ्या झाल्या. मी इतिवृत्त लिहिलं, पुढचा विषय घेतला. उत्तर कुणीच दिलं नाही. आपल्या गावात माणसाला हरवायची ही एक पद्धत आहे. त्याचं कौतुक करायचं आणि घरी जायचं.

मी त्याला एकदा विचारलं. अलीकडचंच आहे. केस पांढरे झालेले, गुडघे दुखायचे, तरी खांबावर तोच चढायचा. म्हटलं, "लिंबाजी, हे कशासाठी करतोस? ज्या कप्पीवर तुझ्या हातामुळं गोमूत्र पडतं, ती तूच वर का नेतोस? सोड. दुसऱ्याला चढू दे."

तो म्हणाला, "त्या दिशी वरनं दोन्ही आळ्या दिसत्यात रे. चिंच बी दिसती. वरनं चिंच लई ल्हान दिसती."

मग म्हणाला, "दिल्लीला आलं, ते तेरा महिन्यांनी आपल्याकडं आलं. गावात आलं. आता गावातनं खालच्या आळीला यायला येळ लागनारच की. पर निघालंय ते. रस्त्यात हाय."

निघालंय. रस्त्यात हाय.

मित्रहो, मी त्याच्यासारखा आशावादी नाही. मी नुसता स्वप्नाळू आहे. स्वप्नाळू माणूस डोळे मिटून बसतो, आणि आशा असलेला माणूस तांब्या भरून बसतो. दोन्हीत फार अंतर आहे, ते मला या वयात कळतंय, आणि सांगायला तो नाही. दोन वर्षांमागं गावात नळ आला. आता आड कुणालाच लागत नाही. वरच्या आडावर कप्पी गंजत बसली आहे, फक्त झेंड्याला खाली निघते. मी लिंबाजीला म्हटलं, "संपलं. आता नळ घरोघर. आता कोण येणार तुझ्या आडावर?" तर त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "अरे, आता तर खरी मोजनी! आता कुनालाच तहान न्हाय."

गेल्या सतरा सप्टेंबरलाही बसला होता. पेला पालथा. मी शेजारी. दिवे लागले. तो उठला, तांब्यातलं पाणी चिंचेच्या बुडाला ओतलं, म्हणाला, "पुढल्या साली."

आज हा त्याचा फोटो, आणि फोटोपुढं हा तांब्या. राहीवहिनींनी सकाळीच खालच्या आडातून भरून ठेवलाय. पेला पालथाच आहे. वहिनी, मला हे पाणी पिता येणार नाही. माझ्यानं मोजणी होत नाही.

उद्या झेंडा चढेल. कोण चढेल, मला माहीत नाही. मला एवढंच सांगायचंय की उद्या संध्याकाळी मी त्या काठावर बसणार आहे. एकटा. मला कप्पीचा आवाज ऐकू येतो, बाकी काही येत नाही. तरी बसणार आहे.

बास. आता मीच मला थांबवतो. म्हशी धारेला आल्या असतील. आपण सगळे उभे राहू या, आणि लिंबाजीसाठी दोन मिनिटं...

काय? मागं काय गडबड आहे? दारात कोण आहे?

सरका जरा. उजेड येऊ द्या. मला दिसत नाही इथून.

सोनाकाकू?

काकू, तुम्ही? एकट्या? चिंचेवरून चालत आलात? तात्या गेल्यापासून तुम्ही उंबऱ्याबाहेर... अरे, कुणीतरी हात धरा त्यांचा. खुर्ची आणा. काकू, या, आत या, बसा.

काय म्हणताय? मोठ्यानं बोला, काकू, मला ऐकू कमी येतं.

"खुर्ची नगं. आदी पाणी दे, राही."

...

ऐकलंत सगळ्यांनी? काकूंच्या अंगणात नळ आहे. उंबऱ्यापासून चार पावलांवर. मी रोज बघतो.

वहिनी, उठा. तो तांब्या घ्या. होय, तोच. फोटोपुढचाच. पेला सुलटा करा.

बंधूंनो, बहिणींनो, घड्याळ बघू नका. दोन मिनिटं नकोत. काकूंचं पाणी पिऊन होईपर्यंत आपण सगळे गप्प उभे राहू.